नवा नदीकाठ, सासूबाईंची व्हीलचेअर आणि माझी टेप

पाचातले तीन तारे देतेय. त्यातला एक उंबराचा आहे, हे आधीच सांगून टाकते.

नाशिकच्या गंगापूर रोडवरून गोदावरीकडे उतरणाऱ्या गल्ल्यांपैकी एकीच्या टोकाला हा नवा काठ झालाय. नेमकी गल्ली लिहीत नाही. लिहिली की तिथल्या वॉचमनदादांच्या मागे लोक लागतील, आणि त्यांचा यात काही दोष नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी या बाजूला द्राक्षाचे मांडव होते. मग लग्नाची लॉन्स आली, आता लॉन्सच्या शेजारी बारा-बारा मजले. एवढी माणसं राहायला आली की त्यांना संध्याकाळी पाय मोकळे करायला जागा लागते, म्हणून हा काठ. फरसबंद पायवाट, रेलिंग, बाकं, दिवे, थोडी हिरवळ. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माझी ६४० पावलं.

मी एकतीस वर्षं एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग काढली. आधी टी-स्क्वेअर आणि शाईचं पेन, चुकलेली रेघ ब्लेडने खरवडायची; मग कॉम्प्युटरवर ऑटोकॅड. पगारपत्रकावर शेवटपर्यंत ‘ड्राफ्ट्समन’च होते, बाई असून. निवृत्त झाले तरी पर्समध्ये पाच मीटरची टेप असतेच. आणि सोबत सासूबाई, वय ८६, माहेर पंचवटीतलं, दोन वर्षांपासून व्हीलचेअरवर. तेव्हा हा रिव्ह्यू दोघींचा समजा. आकडे माझे, शेरे त्यांचे.

काम सुरू होण्याआधी आराखडा दाखवायला आम्हा रहिवाशांना एका लॉन्सच्या हॉलमध्ये बोलावलं होतं. पडद्यावर चित्रं फार देखणी. सगळी माणसं तरुण, निम्म्यांच्या हातात कॉफी. म्हातारं कोणी नाही, कुत्रं नाही, गोधड्या धुणारी बाई तर नाहीच. आणि प्रत्येक चित्रात नदी तेवढ्याच उंचीवर, तेवढीच निळी. मी उठून विचारलं, पावसाळ्यातलं ड्रॉइंग कुठाय? समजावून सांगणारा मुलगा सभ्य होता. म्हणाला, मॅडम, पूररेषा मार्क केलीय ना. केली होती खरी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते : निळी पूररेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी जिथवर पोचतं ती हद्द, आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदाच्या पुराची. हा अख्खा काठ निळ्या रेषेच्या आत आहे. त्यात गैर काही नाही, नदीच्या जागेत इमारतीपेक्षा बाग कधीही बरी. पण मग ती बाग पाण्याखाली जाणार हे धरूनच बांधायला हवी. माझा प्रश्न तेवढाच होता. चहा आला, आणि विषय तिथेच राहिला.

नाशिकला पूर नवा नाही. वर गंगापूरचं धरण, त्यातून विसर्ग वाढला की प्रत्येकाच्या मोबाइलवर क्युसेकचे आकडे फिरायला लागतात. आणि आमचं खरं मोजमाप म्हणजे नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती, तिच्या कुठवर पाणी आलं ते. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, गळ्यापर्यंत. एवढं सांगितलं की नाशिककराला बाकी काही सांगावं लागत नाही. सासूबाईंना १९६९चा पूर आठवतो. मला २००८च्या सप्टेंबरचा, मग २०१६चा आणि २०१९चा, दोन्ही ऑगस्टमधले. २०१६ला नदीकाठच्या गोदापार्कची दशा सगळ्यांनी पाहिली होती. तेव्हा ‘पूर आला तर’ हा शब्दप्रयोगच या गावात चुकीचा आहे. इथे ‘पूर आला की’ म्हणतात.

काठावर जायचं म्हणजे आधी गल्ली ओलांडायची, आणि खरी परीक्षा तिथेच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत राहत्या भागात फुटपाथची निव्वळ मोकळी रुंदी कमीत कमी १.८ मीटर सांगितलीय, दोन व्हीलचेअर एकमेकींच्या बाजूने जातील एवढी. कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. आमच्या गल्लीतला फुटपाथ कागदावर दोन मीटर आहे. मोजला तेव्हा तोही दोन मीटरच भरला, खोटं कशाला बोलू. पण त्यात विजेची डीपी, एका सोसायटीच्या कुंड्या, एका मिसळवाल्याचा पाटीचा स्टँड, आणि आंधळ्या माणसांसाठी बसवलेल्या पिवळ्या खाचांच्या फरश्या, ज्या सरळ जाऊन दिव्याच्या खांबाला धडकतात. सगळं वजा करून सर्वांत अरुंद जागी उरले ७० सेंटिमीटर. सासूबाईंची खुर्ची ६३ची. गेली, पण डाव्या हाताची बोटं आत घ्यावी लागली. प्रत्येक बंगल्याच्या गेटपाशी फुटपाथ खाली उतरतो आणि परत चढतो, गाडी आत जायला. चालणाऱ्याने उंटावर बसल्यासारखं जायचं. खरं तर गाडीने एक उतार चढून फुटपाथ ओलांडावा आणि चालणारा सपाटच राहावा. ड्रॉइंगमध्ये ते एका रेघेचं काम आहे. मी शंभर वेळा काढलंय, आणि साइटवर नव्वद वेळा उलटं झालेलं पाहिलंय.

आत शिरायच्या जागी दुचाकी येऊ नये म्हणून लोखंडी खुंट उभे केलेत. दोन खुंटांमधलं अंतर ६० सेंटिमीटर. व्हीलचेअर अडकते. दुचाकी अडकत नाही, कारण ती बाजूच्या हिरवळीवरून येते. तिथे आता एक चाकोरीच पडलीय.

आत पायवाट मात्र झकास. रुंद आहे, चढ-उतार सावकाश आहेत. या एका गोष्टीसाठी ज्याने लेव्हल काढल्या त्याला मनापासून दाद. मधला उतार मी मुद्दाम मोजला. बारा मीटरला एक मीटर हवा, तिथे त्याहून सौम्य निघाला. खुर्ची ढकलताना मला दम लागला नाही. माझी पाठ दुखते, मला कळतं.

बाकांबद्दल मात्र बोलावंच लागेल. स्टीलची, चकचकीत. जमिनीपासून ५२ सेंटिमीटर. आपल्या घरातली जेवणाची खुर्ची मोजून बघा, ४३-४५ निघेल. साडेपाच फुटी माणसाचेही पाय नीट टेकत नाहीत, म्हाताऱ्या बायकांचे तर शाळेतल्या पोरांसारखे लोंबकळतात. हात टेकवून उठायला दांडा नाही. एप्रिलमध्ये दुपारी चारलाही त्यावर बसवत नाही, बसलेलं माणूस ताडकन उठतं. आणि कळस म्हणजे बाकांचं तोंड पायवाटेकडे, पाठ नदीकडे. मला वाटतं कुणीतरी ड्रॉइंगमधला बाकाचा ब्लॉक मिरर करायचा, म्हणजे उलटा फिरवायचा, विसरला. हे होतं. माझ्याकडूनही एकदा एका हॉस्पिटलच्या नकाशात अठरा दारं उलटी उघडली होती. पण मी ती छपाईच्या आधी पकडली.

मग रेलिंग. वरचा पाइप जाड, जमिनीपासून ११२ सेंटिमीटरवर. खुर्चीत बसलेल्या सासूबाईंचे डोळे ११०वर. त्यांना पहिल्या दिवशी अगदी कौतुकाने काठाशी नेलं, ब्रेक लावला, म्हटलं बघा. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

“अगं, गंगा कुठाय? मला पाइपच दिसतोय.” (गोदावरीला त्या गंगाच म्हणतात.)

मान खाली घातली तर दुसरा पाइप, वर केली तर आभाळ. शेवटी खुर्ची तिरकी करून दोन पाइपांच्या फटीतून बघितलं. पलीकडच्या दगडावर एक पाणकावळा पंख पसरून वाळवत बसला होता, तो त्यांना दिसला. म्हणाल्या, “याला बरं दिसतंय.” उभ्या बारीक सळ्या असत्या आणि वरची पट्टी सपाट, पातळ असती, तर हे झालं नसतं. पोरंही आडव्या पाइपांवर शिडीसारखी चढतात. रविवारी अर्धा वेळ आयांचा ‘उतर खाली’ हाच जप चालतो.

आडव्या पाइपांचा दुसरा घोळ गेल्या पावसाळ्यात कळला. मोठा पूर नव्हताच, चार दिवस विसर्ग वाढला आणि पाणी पायवाटेवर गुडघाभर आलं, एवढंच. ओसरल्यावर मी बघायला गेले. रेलिंग म्हणजे मासे धरायचं जाळं झालं होतं. पाणवेलींचे ओले गोळे, फांद्या, प्लास्टिक, कुणाची तरी निळी चप्पल, निर्माल्याची पिशवी, सगळं पाइपांत गुंतलेलं. त्या कचऱ्यावर पाण्याचा जोर आला आणि तीन ठिकाणी रेलिंग बाहेरच्या बाजूला कललं. एरवी ते पाणी आरपार निघून गेलं असतं. पावसाळ्यात काढून ठेवता येणारं रेलिंग असतं, निदान प्रवाहाच्या दिशेने झोपवता येणारं. गाळ काढायला तर दहा दिवस लागले, कारण टँकर आत यायला वाट नाही आणि काठावर पाण्याचा नळ नाही. माळीदादा आणि दोन बायका पाट्या भरभरून नेत होत्या.

तेव्हा सासूबाईंचा घाट आठवला. त्यांचं म्हणणं, घाटाला रेलिंग कधी होतं? काळ्या पाषाणाच्या पायऱ्या, पाणी जिथे असेल तिथवर उतरायचं. पूर आला की पायऱ्या बुडतात, ओसरला की झाडूने गाळ लोटून द्यायचा, दुसऱ्या दिवशी घाट मोकळा. त्याच पायऱ्यांवर आंघोळ, धुणं, श्राद्ध, बुधवारचा बाजार. मी त्यांना म्हटलं, पण आई, घाटावर तुमची खुर्ची एक पायरी उतरणार नाही. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “हो, पण तिथं चार माणसं उचलून खाली नेतात. इथं कोण उचलणार? सगळे कानात घालून पळतायत.”

आता उंबर. पायवाटेच्या साधारण ४०० पावलांवर एक जुना उंबर आहे, बहुतेक मांडवाच्या काळचा. तिथे काम अपुरं राहिलं. का राहिलं याच्या तीन कथा तीन जणांनी सांगितल्या, एकही लिहीत नाही. तर तिथे फरशी नाही, रेलिंग नाही, माती आहे. बाकी सगळ्या झाडांच्या बुंध्यांपर्यंत पेव्हर ब्लॉक नेऊन भिडवलेत, एका करंजाचा बुंधा तर आवळलाय. उंबराला मात्र आपलं आळं आहे. त्याखाली कुणीतरी दोन जुने दगड आणि एक कडप्पा टाकून बसायला केलंय. मोजलं, ४१ सेंटिमीटर. एक चहावाला सायकलवर स्टीलची टाकी घेऊन साडेपाचला येतो. तिथून नदी अडथळ्याशिवाय दिसते, कारण काठ हळूहळू उतरत पाण्याला मिळतो. वाळुंजाची दोन झुडपं आपोआप उगवलीत, खंड्या त्यांच्यावरून सूर मारतो. सगळी गर्दी तिथेच. हिरवळीवर कुणी नाही, स्टीलच्या बाकांवर जोडपी नाहीत, आजोबांचा पत्त्यांचा डाव उंबराखाली, डबा घेऊन आलेल्या कामवाल्या मावशा उंबराखाली, आम्हीही उंबराखाली. सासूबाईंच्या मांडीवर एक पिकलेलं उंबर पडलं तर त्यांनी ते फोडून आतली चिलटं मला दाखवली. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा मला त्यांनी काही दाखवलं, चूक सोडून.

पुढच्या टप्प्याचं काम निघणार असं ऐकते. सिंहस्थ २०२७ला आहे, गावभर खोदकाम चालू आहे, त्यात आमचाही नंबर लागेल. माझी भीती एकच, की ‘अपुरं राहिलेलं’ पुरं करायच्या नादात उंबराखाली पेव्हर ब्लॉक येतील आणि चहावाल्याला सुशोभीकरणात बसत नाही म्हणून हाकलतील. सूचनांचा फॉर्म भरलाय. एका कागदावर बाकाचं छेदचित्रही काढून जोडलंय : ४४ सेंटिमीटर, पाठ, हातांना दांडा, वर लाकडी पट्ट्या, तोंड नदीकडे. बऱ्याच वर्षांनी पेन्सिल धरली, रेघ अजून सरळ येते.

बाकी थोडक्यात. दिवे उंच खांबांवर, झाडांच्या शेंड्यांच्या वर. पानं उजळतात, पायवाट अंधारात. स्वच्छतागृह आहे, स्वच्छ आहे, कुलूपबंद आहे. किल्ली वॉचमनदादांकडे, ते जेवायला गेले की आपण थांबायचं. जिथे नाला नदीला मिळतो त्या टप्प्यावरून भराभर चाला, वर मोगऱ्याच्या कुंड्या ठेवल्यात त्याचा उपयोग नाही. सकाळी साडेसहाची वेळ उत्तम. रविवारी संध्याकाळी लॉन्समध्ये लग्न असेल तर गल्लीत शिरूच नका, वरात आणि पार्किंग दोन्ही फुटपाथवरच असतं.

आणि व्हीलचेअर असेल तर : डावीकडून तिसरा खुंट खिळखिळा आहे. दोन्ही हातांनी धरून थोडा फिरवला की वर निघतो. आत गेल्यावर परत लावून ठेवा.