जिप्सीच्या ट्रान्स्फर केसमध्ये ४.१६ चे गिअर: नऊ महिने, एक अख्खा पावसाळा

बेळगावकडून जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या रस्त्यावरून आत वळलं की आमच्या काजूच्या बागेकडं जाणारी दीडेक किलोमीटरची गाडीवाट लागते. वरच्या अंगाला जांभ्याच्या पायऱ्या, मधे तांबडी माती, खाली ओहोळ. पाऊस लागला की तिथं बैलसुद्धा विचार करून पाय टाकतो. या एका वाटेपायी मी गेल्या फेब्रुवारीत माझ्या २००६ च्या मारुती जिप्सीचा ट्रान्स्फर केस उघडला आणि आतले गिअर बदलले. ट्रान्स्फर केस म्हणजे गिअरबॉक्सनंतरचा डबा: तो ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटतो, आणि त्यात रस्त्यासाठी ‘हाय’ व अवघड वाटेसाठी ‘लो’ अशा दोन चाली असतात. आता नोव्हेंबर सरत आलाय.

दुखणं अर्धं मारुतीचं, अर्धं माझं. इंजिन १.३ लिटरचं, ८० हॉर्सपॉवरचं. पण टॉर्क १०३ न्यूटन मीटर, आणि तोही ४,५०० आरपीएमला. खालच्या आरपीएमला जीव नाही. त्यात मी हौसेनं २०५/७० आर १५ चे टायर काढून २३५/७५ आर १५ चढवले. चाक दहा टक्क्यांनी मोठं झालं. गाडी दिसायला रुबाबदार, चढाला दमेकरी. हायवेला पाचवा गिअर नुसता शोभेचा. लो टाकून पहिल्या गिअरमध्येही जांभ्याच्या पायरीवर हाफ क्लच, नाहीतर दम घेऊन पळवत न्यायची. पळवली की मागं खताची पोती उडणार, खाली स्प्रिंगा शिव्या देणार.

आता आकडे, कारण खरी गंमत त्यातच आहे. आकडा जितका मोठा, तितकं चाक हळू आणि ओढ जास्त. कंपनीच्या केसमध्ये हाय १.४०९ आणि लो २.२६८. नव्या गिअरनी लो झाला ४.१६, म्हणजे सुमारे ८३ टक्के जास्त, आणि हाय १.५८ च्या आसपास, म्हणजे १२ टक्के. जिप्सीचा पहिला गिअर ३.६५२, दुसरा १.९४७. गुणून बघा: जुन्या लोचा पहिला ८.२८, नव्या लोचा दुसरा ८.१०. थोडक्यात, जुना पहिला आता दुसऱ्यात जाऊन बसला आणि त्याच्या खाली एक कोरा गिअर मिळाला. हायमधले ते १२ टक्के मोठ्या टायरांनी जवळजवळ खाऊन टाकले, त्यामुळं पुणे-बेंगळूर हायवेला गाडी पुन्हा मूळच्यासारखी ओढते. पाचवा कामाला लागला. स्पीडोमीटरचा आकडाही या बदलानं चुकत नाही, त्याची केबल केसच्या आउटपुट बाजूला आहे. तो चुकत होता तो टायरांमुळं, आणि अजून चुकतोय.

एक्सलचे क्राउन-पिनियन, म्हणजे डिफरन्शियलमधले गिअर, बदलायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. ते केलं तर दोन डिफरन्शियल उघडायचे, आणि हाय-लो दोन्ही सारखेच खाली येणार. मला हवा होता फक्त लो. शिवाय जिप्सीचा ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो. मधे छोटा शाफ्ट, आणि केस आपला रबरी माउंटवर वेगळा टांगलेला. तेवढाच उतरवून टेबलावर घेता येतो.

काम उद्यमबागेतल्या एका मिस्त्रीकडं केलं. ‘दोन दिवस’ म्हणाला, अकरा लागले. मोठे गिअर घासू नयेत म्हणून केस आतून थोडा ग्राइंड करावा लागला, त्यात त्याचा बराच वेळ गेला. किट परदेशातून आलं. किमतीपेक्षा ड्यूटीनं जास्त जीव खाल्ला. बेअरिंग आणि ऑइल सील मात्र सगळे नवे टाका. तिथं काटकसर म्हणजे म्हैस घेऊन दाव्यासाठी घासाघीस. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर गिअर ऑइल काढून बघितलं, चमचमता भुगा होता. बदललं. पुढच्या वेळी स्वच्छ निघालं.

पहिल्या दिवशी चढावर लो-पहिला टाकून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. गाडी तशीच, तासाला दोनेक किलोमीटरच्या चालीनं पायरी चढली. आप्पा शेजारून चालत होते. थोड्या वेळानं पुढं गेले आणि मागं वळून म्हणाले, “येतोस की मी जाऊ पुढं?”

पण खरा फायदा उतारावर आहे, आणि याची मला आधी कल्पना नव्हती. जुलैत त्या मातीवर शेवाळ धरतं. पूर्वी लो-पहिल्यातही ब्रेक लागायचा. ब्रेक लागला की चाक जाम, आणि गाडी तिरकी होऊन ओहोळाकडं. आता पाय पेडलवर नसतोच, इंजिनच धरून ठेवतं. फक्त फार घसरट असेल तर उलटं होतं: चाक इतकं हळू फिरतं की गाडीच त्याच्यापुढं घसरते. तेव्हा ब्रेक नव्हे, थोडा ॲक्सिलरेटर द्यायचा. हे मी दोनदा काजूच्या झाडाला टेकून शिकलो.

भाताच्या चिखलात लो-पहिला निरुपयोगी. टायरच्या खाचा मातीनं भरतात आणि साफच होत नाहीत. तिथं लो-तिसरा लावा. नव्या तिसऱ्याचं गणित ५.९२ येतं, तरी जुन्या दुसऱ्यापेक्षा ताकद जास्तच.

खोड्या आहेत. ५० च्या पुढं केसमधून बारीक शीळ येते. बायको म्हणते, पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटतं. तिसऱ्या महिन्यात मागचा सील गळायला लागला, तो मिस्त्रीनं फुकट बदलला. ऑगस्टमध्ये एक माउंट फाटला. टॉर्क वाढला की केस पीळ खातो, आणि जुनं रबर किती सोसणार? माउंट आधीच बदलायला हवे होते, चूक माझी. लो म्हणजे फोर बाय फोर लोच. टू-व्हील लो नाही. म्हणून अंगणातल्या काँक्रीटवर वळवायला तो घेता येत नाही, पुढच्या-मागच्या एक्सलच्या मधे डिफरन्शियल नसल्यानं गाडी आखडते. मायलेज विचारू नका, जिप्सीवाला ते कुणाला विचारत नाही.

तुमची गाडी फक्त चोर्ल्याच्या डांबरी घाटातून गोव्याला जात असेल तर हे पैसे टायर-ब्रेकवर घाला. माझे जुने गिअर ग्रीस लावून पोत्यात ठेवलेत. मिस्त्री दोनदा विचारून गेला, विकायचे का म्हणून. उरलेले दोन माउंट बदलायला गाडी पुढच्या आठवड्यात त्याच्याकडंच न्यायची आहे, तेव्हा तिसऱ्यांदा विचारेल.