तुटलेल्या कॉलचे पैसे कोणी भरायचे? ऑनलाइन मुलाखतींच्या सॉफ्टवेअरचे नऊ महिने

परवा आमचं शेवटचं क्रेडिट (एक क्रेडिट म्हणजे आगाऊ पैसे भरलेली एक मुलाखत) संपलं आणि दुसऱ्याच दिवशी नूतनीकरणाचं कोटेशन आलं. ते पैसे भरण्याआधी हा अनुभव लिहून काढतेय. सॉफ्टवेअरमध्ये काय काय आहे ते एचआरमधल्या सगळ्यांना माहीत आहे. लिंक, वेळापत्रक, रेकॉर्डिंग, गुणांचा तक्ता, सगळं नीट चालतं. मी बोलणार आहे ते क्रेडिटबद्दल.

आमचं पुण्यातलं छोटं ऑफिस. इतर कंपन्यांची बिलं जुळवून देण्याचं काम. २०२०च्या मार्चपर्यंत भरती म्हणजे शनिवारी वीसेक जणांना बोलवायचं, चहा द्यायचा, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर बसवायचं आणि संध्याकाळपर्यंत निवड करायची. लॉकडाऊननंतर ई-पासशिवाय जिल्हा ओलांडता येईना, आणि जुलैत पुणं पुन्हा कडक बंद झालं. त्याच आठवड्यात आम्ही हे मुलाखतींचं सॉफ्टवेअर घेतलं. ३०० क्रेडिट, २७,००० रुपये, वर जीएसटी. म्हणजे एक मुलाखत १०६ रुपयांना.

नियम असा की उमेदवार लिंकवर आला की क्रेडिट कापलं जातं. पाच मिनिटं संपर्क तुटला तर मुलाखत बंद होते आणि नावापुढे 'गैरहजर' लागतं. पुन्हा बोलवायचं तर नवं क्रेडिट. घेताना हे कोणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

१२ ऑक्टोबरला मुंबई-ठाण्याची वीज गेली तो दिवस सगळ्यांना आठवत असेल. सकाळी दहाला आम्ही तिघं जण ठाणे, डोंबिवली आणि ऐरोलीच्या मुलांशी एकाच वेळी बोलत होतो. एकामागून एक तिन्ही चेहरे पडद्यावर गोठले. तिघंही गैरहजर, तीन क्रेडिट गेली. मी तक्रार नोंदवली. उत्तर आलं, उमेदवाराच्या बाजूची अडचण परताव्यात बसत नाही. अहो, अख्ख्या मुंबईची वीज गेली होती! नऊ ईमेल झाल्या आणि शेवटी एक क्रेडिट परत मिळालं. त्या दिवसापासून मी वही घातली, आधीचे तुटलेले कॉलही त्यात उतरवले. तारीख, गाव, कितव्या मिनिटाला कॉल तुटला.

नोव्हेंबरमध्ये मात्र माझं मत बदललं. एका मुलाची मुलाखत उत्तम झाली होती. रुजू झाल्यावर पहिल्याच मीटिंगला टीम लीडर म्हणाला, "ताई, आवाज तो वाटत नाही." रेकॉर्डिंग काढून बघितलं तर उत्तरं देणारा मुलगा दुसराच. समोरासमोरच्या भरतीत असं कधी झालं नव्हतं, त्यामुळे डोक्यातही आलं नव्हतं. रेकॉर्डिंग नसतं तर पगार सुरू झाला असता. त्या आठवड्यात मी साहेबांना स्वतः सांगितलं की पैसे वसूल झाले.

जानेवारीत वहीची बेरीज केली. वाया गेलेली क्रेडिट ६१. साडेसहा हजारांच्या घरात. पण रकमेपेक्षा गावांच्या रकान्याने मला गप्प केलं. श्रीवर्धन, म्हसळा, पाटण, जव्हार, भोर. आणि डिसेंबरपासून ही गावं वहीत येणंच थांबलं होतं. नेट सुधारलं म्हणून नव्हे. मी अर्ज लावताना शहरातले वर घेत होते, तालुक्यातले खाली सरकवत होते. असं कर म्हणून मला कोणी सांगितलं नव्हतं. १०६ रुपये वाचवायच्या नादात मी माणसं गाळायला लागले होते. ही या सॉफ्टवेअरबद्दलची माझी सर्वांत मोठी तक्रार आहे, आणि ती किमतीच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही.

त्याच वहीत श्रीवर्धनकडच्या एका मुलीपुढे ऑगस्टच्या तीन नोंदी होत्या. जूनमधल्या निसर्ग वादळाने त्यांच्या घराची कौलं उडाली होती. फोनला रेंज फक्त गावामागच्या चढावर यायची. तिसऱ्या वेळी ती एका हाताने छत्री आणि दुसऱ्या हाताने मोबाईल धरून उभी होती. वारा एवढा की माझा प्रश्न तिला ऐकू जाईना. चौथ्या मिनिटाला कॉल तुटला. चौथं क्रेडिट खर्चायचं नाही असं मी ठरवलं आणि फाईल मिटली.

जानेवारीत तिला साधा फोन लावला. कॅमेरा नाही, लिंक नाही. १५ मिनिटं बोललो. मग पाच चुका मुद्दाम पेरलेली एक्सेल शीट पाठवली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, त्यात चुका सहा. सहावी आमच्याच शीटमधली होती, एका बिलाचा जीएसटी दोनदा धरलेला. महिनोनमहिने तीच शीट आम्ही सगळ्यांना पाठवत होतो, एकालाही ती दिसली नव्हती. मुलगी आता माणगावला मावशीकडे राहून आमचंच काम करतेय. पाच महिने आधी मिळाली असती.

फेब्रुवारीपासून आम्ही क्रम उलटा केला. आधी फोन, सगळ्यांना तेच सात प्रश्न. मग शीट, सोडवायला पूर्ण दिवस. शेवटी उरलेल्यांनाच सॉफ्टवेअरवर बोलवायचं, तेही ओळखपत्र आणि चेहरा पडताळण्यापुरतं. तेव्हापासून वाया गेलेली क्रेडिट चार. पहिल्या फेरीत चेहरा दिसत नाही याचा एक फायदा आम्हाला आधी सुचला नव्हता. मागे पातेली वाजतात, भाऊ मध्ये येतो, भिंतीचा रंग उडालाय, अशा गोष्टींकडे लक्षच जात नाही. दोन खोल्यांच्या घरातून बोलणाऱ्या मुलीही मोकळेपणाने बोलतात.

तुम्ही घेणार असाल तर जरूर घ्या, पण छोटा पॅक घ्या, आणि तुटलेल्या कॉलचं काय ते लेखी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. न विचारता घेऊन आम्ही फसलोय.

५ एप्रिल २०२१पासून खाजगी ऑफिसं बंद ठेवण्याचा सरकारी आदेश लागू झाला, ऑफिस पुन्हा घरी आलं आणि कामं वाढली. कोटेशनला मी एकच अट घालून उत्तर पाठवलं: दहा मिनिटांच्या आत तुटलेल्या मुलाखतीचं क्रेडिट कापायचं नाही. अजून उत्तर आलेलं नाही. सोमवारी आठ जणांना फोन लावायचेत. तिघांचे पत्ते तालुक्याच्याही आतल्या गावांचे आहेत. त्यांना मेसेज करून विचारून ठेवलंय, रेंज किती वाजता येते.