साडेसात इंची वाघिणींसाठी चाकांचं स्टँड: वेल्डिंग, नट-बोल्ट की ॲल्युमिनियम?

पुण्यात कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिलंय, त्यांना मॉडेल रेल्वे म्हटलं की तळहातावर मावणारे डबे आठवतात. अमेरिकेत माणसं ज्या छोट्या गाड्यांवर बसून फिरतात, तिथला हिशेब निराळा. रुळांमधलं अंतर साडेसात इंच, प्रमाण साधारण १:८. खरी ४० फुटी बंद वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, या प्रमाणात ५ फुटांची होते, ५० फुटी सव्वासहा फुटांची. रुंदी १५ इंचांच्या आसपास. लोखंडी सांगाडा आणि बोग्या (डब्याखालचे चाकांचे गाडे) धरून वजन ६०-७० किलोंवर सहज जातं. एकट्याने उचलायची ही वस्तू नाही, आणि जमिनीवर ठेवली तर चार वाघिणींतच गॅरेज भरतं. म्हणून रूळ बसवलेलं, चाकांवर फिरणारं स्टँड लागतं. एक मी वेल्ड केलं, एक नट-बोल्टांचं जोडलं आणि एका मित्राचं ॲल्युमिनियमचं स्टँड दोन वर्षं रोज हाताळलं. त्या अनुभवावरून हे लिहितोय.

धातू ठरवण्याआधी उंची ठरवा. गाडी स्टँडवरून कुठे जाणार आहे? ट्रेलरच्या फळीवर, क्लबच्या चढउतार टेबलावर, की अंगणातल्या रुळावर? जिथे सर्वाधिक वेळा जाणार, तिथल्या रुळाच्या माथ्याची जमिनीपासूनची उंची टेपने मोजा आणि स्टँडचा रूळ तेवढाच ठेवा. मग मधे दीड फुटाचा जोडरूळ टाकला की एकटा माणूस ७० किलोंची वाघीण ढकलत नेतो. ऑरेगनमधल्या ट्रेन माउंटनला, जिथे साडेसात इंची रुळांचं जाळं कित्येक मैल पसरलंय, लोक गाड्या ट्रेलरवर लादून लांबून येतात. अशांनी ट्रेलरची उंची आधी धरावी. कॅस्टर, म्हणजे स्टँडच्या पायाखालचं फिरतं चाक, बदलला की उंची बदलते: ४ इंची चाकाचा कॅस्टर तळपट्टीसकट पाच इंचांच्या थोडा वर जातो, ५ इंची चाकाचा सव्वासहा-साडेसहापर्यंत. म्हणून पाय कापण्याआधी कॅस्टर विकत आणून मोजावा.

आता वेल्डिंग. दीड इंची चौकोनी पाइप, सूतभर (इंचाचा आठवा भाग) जाडीचा, हा माझा आवडता माल. फुटाला साधारण एक किलो भरतो. साडेपाच फुटी सांगाड्याला १६-१७ फूट पाइप लागतो, त्यात रूळ धरून ठेंगण्या स्टँडचं वजन वीसेक किलो होतं. एवढ्या लांबीवर वाघिणीच्या भाराने तो वाकल्याचं डोळ्यांना दिसत नाही. कोपरे कायमचे पक्के, कुठे बोल्ट ढिला व्हायची भीती नाही, आणि तिन्ही प्रकारांत माल सर्वांत स्वस्त. अट एकच: वेल्डिंग मशीन आणि ते चालवणारा हात घरचा हवा. गॅल्वनाइज्ड पाइप स्वस्तात मिळाला तरी जोडाजवळचा जस्ताचा थर ग्राइंडरने काढल्याशिवाय त्यावर वेल्डिंग करू नका. जस्ताच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो.

वेल्डिंगचा खरा दोष वेगळा आहे. टाका थंड होताना लोखंड आखडतं आणि रुळांना आत ओढतं. माझ्या पहिल्या स्टँडवर मी रूळ थेट आडव्या पाइपांना वेल्ड केले. दोन्ही टोकांना साडेसात बरोबर भरलं, मधोमध सूतभर कमी. वाघीण अर्ध्यावर जाऊन अडकली आणि मागेही येईना. चाकांच्या कडा आणि रूळ यांच्यात मोकळी जागाच मुळी सूतभरापेक्षा कमी असते, त्यामुळे एवढी चूकसुद्धा माफ होत नाही. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: सांगाडा वेल्ड करा, रूळ मात्र बोल्टावर बसवा. आडव्या पाइपांवर लांबट भोकं ठेवा, साडेसात इंचांचे कापलेले ठोकळे रुळांमध्ये धरून बोल्ट आवळा. सरळ रुळावर अंतर अर्धा सूत जास्त झालं तर काही बिघडत नाही, कमी मात्र चालत नाही. याचा आणखी एक फायदा. अमेरिकेच्या ईशान्येकडे आणि ब्रिटनमध्ये सव्वासात इंची रूळ चालतात. वॉल्ट डिस्नेच्या घरामागची कॅरोलवुड पॅसिफिकही सव्वासातवरच धावायची. पुढे तिकडे बदली झाली किंवा तिकडची गाडी हाती आली, तर रूळ पाव इंच आत सरकवले की झालं.

नट-बोल्टांचं स्टँड म्हणजे खाचांचं स्ट्रट चॅनेल (एका बाजूने उघडी, पन्हळीसारखी पोलादी पट्टी), १⅝ इंचाचं. बोल्ट कुठेही सरकतो, उंची हवी तशी खालीवर करता येते, घर बदललं की सुटं करून न्यायचं. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला किंवा ट्रेलर अजून ठरला नाही अशा माणसाला मी डोळे मिटून हेच सांगेन. मालाला वेल्डिंगपेक्षा जास्त पैसे पडतात, कारण खरा खर्च कोनपट्ट्यांचा आणि नटांचा असतो. चॅनेल त्यामानाने स्वस्त. तिरपा आधार मात्र द्यायलाच हवा, नाहीतर ढकलताना सांगाडा झुलतो. आणि कटरने कापलेल्या टोकांना रबरी टोप्या लावा, पोटरीला लागतात. आपल्याकडे दुकानांच्या मांडण्यांना जो भोकांचा अँगल वापरतात, तो या कामाला घेऊ नका. तो उभा भार पेलतो, पण चाकांवर फिरवताना पिळवटतो.

ॲल्युमिनियमचं खाचांचं प्रोफाइल दिसायला देखणं, गंजत नाही, नुसत्या करवतीने कापलं जातं. समुद्राजवळ राहणाऱ्यांसाठी गंज न लागणं ही मोठीच गोष्ट. पण ॲल्युमिनियमचा ताठपणा पोलादाच्या एक तृतीयांश असतो, म्हणजे त्याच मापाची पट्टी त्याच भाराखाली तिप्पट वाकते. मग जाड प्रोफाइल घ्यावं लागतं आणि हलकेपणाचा निम्मा फायदा तिथेच जातो. खर्च तिघांत सर्वाधिक. मित्राचं स्टँड उत्तम आहे, पण त्यावर तो एकच हलकी प्रवासी गाडी ठेवतो. तेवढ्यासाठी ठीक. जड टाकीच्या वाघिणीसाठी मी लोखंडच घेईन.

एक मजला की दोन, हा प्रश्न मला धातूपेक्षा महत्त्वाचा वाटतो, कारण इथे माणूस जखमी होऊ शकतो. वाघिणीची उंची रुळापासून साधारण २२ इंच. दोन मजले केले की वरच्या वाघिणीचा माथा जमिनीपासून साडेचार फुटांवर जातो. स्टँडची रुंदी २० इंच धरा. फिरता कॅस्टर आत वळला की आधाराची अर्धी रुंदी साडेआठ इंचच उरते. खालचा मजला रिकामा, वर ७० किलोंची वाघीण, स्टँड स्वतः ४० किलोंचं. अशा वेळी एक चाक फरशीच्या भेगेत अडकलं, तर माथ्यावर सतराएक किलोंचा जोर लागताच सगळं आडवं होतं. एवढा जोर आपण कळत-नकळत सहज लावतो. त्यामुळे दोन मजली हवंच असेल तर तळ २८ इंच रुंद करा, आधी खालची वाघीण चढवा, उतरवताना वरची आधी. तीन मजल्यांचं फिरतं स्टँड मी कुणालाही सुचवणार नाही. तेवढी गरज असेल तर भिंतीला बांधलेली मांडणी करावी आणि एक वेगळं उचलटेबल घ्यावं.

कॅस्टर निवडताना एकूण वजन चाराने नाही, तिनाने भागा. फरशी कधीच पूर्ण सपाट नसते आणि एक चाक बऱ्याचदा अधांतरी असतं. दोन वाघिणी आणि स्टँड मिळून १८० किलो, म्हणजे चाकाला ६०; उंबऱ्यावरचा धक्का धरून १०० किलोंच्या वरचेच घ्या. पॉलियुरेथेनची ४ किंवा ५ इंची चाकं घ्या. लोखंडी चाकं काँक्रीटवर खडखडतात आणि बारीकशा खड्याला अडतात. निदान दोन कॅस्टर चाक आणि वळणं दोन्ही अडवणाऱ्या लॉकचे हवेत. गॅरेजची जमीन पाणी वाहून जावं म्हणून दाराकडे उतरती केलेली असते, फुटाला सूतभर तरी. चांगल्या बेअरिंगची वाघीण तेवढ्या उताराला स्टँडवर आपणहून सरकू शकते.

रुळासाठी अँगलची उभी कड चालते, पण मी तीन सुती जाड, इंचभर उंच पट्टी उभी लावतो. चाकाला टेकायला रुंदी जास्त मिळते. दोन्ही टोकांना रुळाला आरपार भोक पाडून अर्ध्या इंचाची खीळ घाला आणि ती खीळ साखळीने स्टँडलाच बांधून ठेवा. मी सुरुवातीला सुट्या खिळा वापरल्या. एकदा खीळ सापडेना, म्हणून लाकडाची पाचर लावून दहा मिनिटं आत गेलो. परत आलो तेव्हा वाघिणीची पुढची बोगी रुळाबाहेर हवेत लोंबकळत होती.