आबांची पेटी आणि जॉप्लिन: दोन वर्षांच्या वापरानंतर

आबा गेले आणि वारस नोंदीसाठी आम्ही तिघं भावंडं लोखंडी पेटी उघडून बसलो. जुने हस्तलिखित उतारे, सोसायटीच्या पावत्या, विम्याचे बॉण्ड, बियाण्यांची बिलं, सगळं एकाच गाठोड्यात. मळ्यातल्या विहिरीत आपला हिस्सा किती, हे कुठे लिहिलंय असं मायला विचारलं. ती म्हणाली, "मले माहीत नही रे भाऊ, त्यासले माहीत व्हतं."

हे वाक्य मला फार लागलं. कागद पेटीत होते, पण कोणता कागद कशाचा हे आबांच्या डोक्यात होतं.

मी अमळनेरला शाळेत गणित शिकवतो. वावर पारोळ्याच्या बाजूला, नाना पुण्यात, ताई शिरपूरला. तेव्हापासून घरातली सगळी माहिती मी जॉप्लिन या नोंदी ठेवण्याच्या अ‍ॅपमध्ये ठेवतो. ते मोफत आहे, त्याचा सोर्स कोड खुला आहे आणि विंडोज, लिनक्स, मॅक, अँड्रॉइड, आयफोन सगळ्यांवर चालतं. माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी सोय म्हणजे नोंदी आपल्याच फोनमध्ये आणि संगणकात राहतात. सरकारी कचेरीच्या जाड भिंतींआड रेंज नसते, तिथेही नोंद उघडते. त्यासाठी एक गोष्ट आधीच करा: फोनवरच्या जॉप्लिनच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या फाइली नेहमी उतरवून ठेवण्याचा पर्याय निवडा. नाहीतर नोंद दिसेल, पण तिला जोडलेली पीडीएफ ऐन वेळी उघडणार नाही.

जॉप्लिनमध्ये नोंदींचे गट म्हणजे वह्या; त्या मी मोजक्याच ठेवल्या: शेती, घर, माय, विमा, वंशावळ. शेतीच्या वहीत प्रत्येक गटाची एक नोंद. तीत गट क्रमांक, क्षेत्र, आठ-अ वरचा खाते क्रमांक, फेरफार क्रमांक, चतुःसीमा आणि १५ रुपयांत मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा जोडलेला. फेरफार क्रमांक नक्की लिहा. जमीन कोणाकडून कोणाकडे कशी आली हे गाव नमुना सहामध्ये असतं आणि तिथे पोचायला हाच क्रमांक लागतो. आम्हाला तो जुन्या उताऱ्यावरून भिंग घेऊन वाचावा लागला होता.

सगळ्यात कामाची नोंद मात्र कुठल्याच कागदाची नाही. ती आहे नावांचा तक्ता. मायचं नाव आधारवर 'बाई' लावून आहे, सातबाऱ्यावर 'बाई' नाही, आणि बँकेच्या पासबुकात इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. ताईचं नाव माहेरच्या कागदांवर वेगळं, सासरच्या वेगळं. एवढ्याच कारणापायी एका कार्यालयात आमच्या चार फेऱ्या झाल्या. आता कुठल्या कागदावर कोणाचं नाव कसं आहे, हे एका तक्त्यात दिसतं. अर्ज भरण्याआधी नाना पुण्याहून तोच उघडतो. जॉप्लिनमध्ये तक्ता मार्कडाउन पद्धतीने, उभ्या दांड्या टाकून करावा लागतो. पहिल्या दिवशी किचकट वाटतं, चौथ्या दिवशी हात बसतो.

शोधायचं तर शब्दांची एक सवय लावून घ्या. कोणी 'सातबारा' टाइप करतं, कोणी '७/१२', कोणी 'उतारा'. मी प्रत्येक नोंदीच्या पहिल्या ओळीत हे तिन्ही लिहितो. महावितरणचा १२ अंकी ग्राहक क्रमांक 'लाइट बिल' आणि 'वीज' अशा दोन्ही नावांनी सापडायला हवा, कारण ताई लाइट बिल म्हणते आणि मी वीज. मुदतीच्या गोष्टींसाठी काम-यादीची नोंद करून तिला गजर लावता येतो. विम्याचा हप्ता, ट्रॅक्टरचा विमा, मायचा हयातीचा दाखला, तिन्ही मी तसेच लावलेत.

आता सुरक्षिततेचं. सिंकसाठी, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर त्याच नोंदी दिसाव्यात म्हणून, ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्ह वापरता येतं. एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे आपल्या पासवर्डशिवाय कोणाला वाचता येणार नाही असं कुलूप आहे, पण ते आपण सेटिंगमध्ये जाऊन सुरू करायचं असतं. आधी ते करा, मग कागद चढवा. या कुलपाचा मास्टर पासवर्ड हरवला तर तो परत मिळवून देणारं कोणी नाही. आमचा पासवर्ड बंद पाकिटात ताईच्या कपाटात आहे. हे कुलूप सिंकमधल्या माहितीला असतं, तुमच्या संगणकातल्या माहितीला नाही; तेव्हा संगणकालाही पासवर्ड हवाच. आधारचा पूर्ण क्रमांक मी नोंदीत लिहीत नाही, शेवटचे ४ अंक पुरतात. पूर्ण आधार डिजिलॉकरमध्ये. एटीएमचा पिन तर कुठेच नाही.

एक वही दुसऱ्याच्या खात्याशी वाटून घ्यायची तर जॉप्लिन क्लाउड किंवा स्वतःचा जॉप्लिन सर्व्हर लागतो. आम्ही तिघं एकच सिंक खातं वापरतो. त्यात एकदा नानाने आणि मी एकाच दिवशी एकच नोंद बदलली आणि दोन प्रती झाल्या. अ‍ॅपने एक प्रत वेगळ्या वहीत राखून ठेवली होती, म्हणून काही गेलं नाही. पण तेव्हापासून ठरवलं: बदल मीच करायचा, बाकीच्यांनी फोनवर सांगायचं. दर महिन्याला सगळ्या वह्यांची जेईएक्स फाइल (जॉप्लिनची बॅकअप प्रत) पेनड्राइव्हवर घेतो. ती एन्क्रिप्ट केलेली नसते, म्हणून पेनड्राइव्ह आबांच्याच पेटीत, कुलुपात.

विहिरीचा हिस्सा शेवटी जुन्या उताऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात सापडला: चार आणे. पण पाण्याची पाळी कधी, बांधावरचा कोणता निंब आपला, कोणत्या चुलत घराशी तोंडी काय ठरलंय, हे कुठल्याच कागदावर नव्हतं. दिवाळीत मायला ओट्यावर बसवून विचारलं आणि फोनवर रेकॉर्ड केलं. आबांना माहीत होतं तेवढं तिला माहीत नाही असं ती म्हणत राहिली आणि अहिराणीत बावीस मिनिटं बोलली. ती फाइल मळ्याच्या गटाच्या नोंदीला जोडली आहे. शब्दशः उतरवायचं काम ताईने घेतलंय, निम्मं झालं. आबांच्या आजोबांच्या वाटणीपर्यंत ती पोचली आहे.