मोटर ग्लायडर की डीएलजी? माझा कौल उतरताना ठरला

रेडिओवर चालणारं शिकाऊ ट्रेनर विमान हातात बसलं, मोटरचा आवाज पुरे झाला, आता ग्लायडर घ्यायचं, पण दोन मीटर पंखांचं फोमचं मोटर ग्लायडर घेऊ की हाताने फेकायचं डीएलजी (डिस्कस लाँच ग्लायडर)? हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. मी आधी मोटरवालं घेतलं, चार वर्षं मनापासून उडवलं, मग डीएलजी घेतलं. आता दोन्ही घरात आहेत, त्यामुळे दोन्हीबद्दल बोलायला मोकळा आहे. माझं उडवणं दिवे घाट चढून गेल्यावर सासवडच्या बाजूला लागणाऱ्या माळावर चालतं. तुमची जागा वेगळी असेल तर माझा हिशेब तुम्हाला थोडा बदलून घ्यावा लागेल.

मोटर ग्लायडरने मला काय दिलं ते आधी सांगतो, कारण त्याचे उपकार आहेत. थर्मल, म्हणजे तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी गरम हवा, काय असते हे मी त्याच्यावर शिकलो. एकदा मोटर लावली की शंभरेक मीटरवर जायचं, मोटर बंद करायची, पंख्याची पाती मागे मिटतात आणि मग सगळं शांत. हवा मेलेली, म्हणजे विमानाला वर उचलणारी नसली तरी तीनेक मिनिटं मिळतात, आणि खाली आलं की पुन्हा वर. एका बॅटरीत अशा सात-आठ चढाया सहज होतात. चूक झाली तर लगेच दुसरी संधी असते, आणि शिकणाऱ्याला तेवढंच हवं असतं. लहानपणी हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर विंचने (दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने) खेचलेली खरी ग्लायडर दोर सोडून वळताना पाहिली होती. तशी संथ, रुंद वळणं दोन मीटरच्या फोमच्या पंखावर फार देखणी दिसतात. डीएलजीला तो डौल नाही, हे कबूल करायला हवं.

डीएलजीची गंमत फेकण्यात आहे. डाव्या पंखाच्या टोकाला कार्बनची छोटी खुंटी असते. उजव्या हाताची दोन बोटं तिच्यात अडकवायची, रेडिओ डाव्या हातात, एक पूर्ण गिरकी घ्यायची आणि थाळीफेकीसारखं सोडायचं. सुटल्यावर शेपूट एकदा-दोनदा झटकते आणि विमान तीरासारखं वर जातं. वर वेग संपायच्या आत स्टिक किंचित पुढे ढकलून नाक आडवं करावं लागतं. तो क्षण चुकला की विमान वरच अडखळतं आणि आठ-दहा मीटर वाया जातात. माझी फेक किती जाते हे मी कधी यंत्राने मोजलेलं नाही. शाळेमागच्या निलगिरीच्या दुपटीला जाते, म्हणजे चाळीस मीटर धरा. तरणी पोरं साठपर्यंत सहज नेतात. चाळीसवरून मेलेल्या हवेत मला दीड-पावणेदोन मिनिटं मिळतात. ऐकायला कमी वाटतं, पण तेवढ्या वेळात जवळपासचं थर्मल शोधायचंच आहे म्हटल्यावर डोळे उघडतात.

मोटरने वर गेल्यावर मी फक्त विमानाकडे बघायचो. डीएलजी घेतल्यापासून मी जमिनीकडे बघतो. मळणी झालेल्या रानातला भुसा कुठे उचलला जातोय, पाकोळ्या कुठे गोळा झाल्यात, मानेवरचं वारं अचानक कुठल्या बाजूला वळलं. सुटलेलं थर्मल आजूबाजूची हवा आपल्याकडे ओढतं, त्यामुळे वारं ज्या दिशेला जायला लागतं तिकडे फेकायचं. घार गिरक्या घेत असेल तर प्रश्नच नाही. फेब्रुवारीत साडेदहाच्या सुमारास एकदा घारीच्या खाली शिरलो आणि बावीस मिनिटं वर होतो, तेही दोनशे ऐंशी ग्रॅमच्या विमानाने आणि मोटरशिवाय. मोटर ग्लायडरने मी याच्या दुप्पट वेळ राहिलोय, पण त्या बावीस मिनिटांची मला जास्त आठवण येते.

मात्र हे सगळं असूनही मी मोटर ग्लायडर सोडलं नसतं. सोडायला लावलं ते उतरण्याने.

दोन मीटरच्या फोमच्या ग्लायडरला बहुधा फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचे खाली वळून वेग कमी करणारे भाग, नसतात. जमिनीजवळ आलं की पंखाखाली हवेची गादी तयार होते आणि विमान खाली बसायला तयारच होत नाही. कमरेएवढ्या उंचीवरून ते तुमच्या समोरून निघून जातं, पन्नास-साठ मीटर तरंगत जातं. क्रिकेटच्या मैदानावर याचं काही वाटणार नाही. आमच्या माळावर पुढे बाभळींची रांग आहे, तिच्यापलीकडे ज्वारीचं रान. अलीकडे उतरवावं तर मुरूम. नऊशे ग्रॅमचं विमान मुरमावर पोटावर घासत जातं, फोमचं पोट खरवडून निघतं आणि पंख्याच्या पात्याचं टोक उडतं. सुगी संपल्यावर रानात उतरवावं तर ज्वारीची धसकटं, आणि ती फोममध्ये सुरीसारखी घुसतात. चार वर्षांत उडताना माझं एकही विमान फुटलं नाही. फुटलं ते प्रत्येक वेळी उतरताना.

एका रविवारी चाळीस मिनिटं घारींबरोबर उडून खाली आलो. नेहमीप्रमाणे विमान समोरून तरंगत निघालं आणि बाभळी जवळ यायला लागल्या. पुन्हा एक फेरी मारावी म्हणून मोटर लावली. आदल्या उतरण्यात एका पात्याचं टोक गेलं होतं, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. असमतोल पंख्याने एवढा थरथराट केला की मोटर बसवलेली पट्टी फोममधून उखडून आली आणि नाक लोंबत विमान ज्वारीत गेलं. उभ्या पिकात. मी बांधावर उभा राहिलो, तेवढ्यात रानाचे मालक आले. वयस्कर माणूस, मी त्यांना आबा म्हणतो. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "साहेब, एक जण शिरला की वाट पडते, मग त्या वाटेनं गुरं शिरत्यात." मग स्वतःच एका सरीतून वाकून गेले आणि विमान घेऊन आले. पुढे फोम चिकटला, मोटरही बसली, पण त्यांचं ते वाक्य मनातून गेलं नाही. माझ्या छंदामुळे दुसऱ्याच्या पिकात वाट पडणं मला चालणार नव्हतं.

डीएलजीत ही कटकट उरत नाही, निदान माझ्यापुरती उरली नाही. थ्रॉटलची स्टिक (इथे मोटर नसल्याने ती ब्रेकसाठी वापरतात) खाली ओढली की पंखाची मागची अख्खी कड खाली येते, जवळपास काटकोनात. विमान हवेत थबकल्यासारखं होतं आणि उतरंडीवरून सावकाश खाली येतं. जिथे उभा आहे तिथेच ते आणता येतं, आणि मग ते जमिनीला लागूच द्यायचं नाही. छातीच्या उंचीवर पंखाचं टोक उजव्या हाताने पकडायचं, बोटं खुंटीवर सरकवायची आणि त्याच गिरकीत पुन्हा फेकायचं. पहिल्यांदा पकड जमायला मला तीन रविवार लागले. आता दहातले नऊ हातात येतात. दीड तासाच्या उडवण्यात मी जागचा वीस पावलंही हललेलो नसतो.

उणी बाजूही सांगतो. डीएलजी नाजूक असतं. पंखाची कार्बनची साल कागदासारखी पातळ. एकदा पकड चुकली, टोक दगडावर आपटलं आणि बोट जाईल एवढं भोक पडलं. फोमसारखं जागच्या जागी चिकटवून पुढे जाता येत नाही. घरी येऊन इपॉक्सी, बारीक ग्लास कापड आणि एक रात्र. किंमतही फोमपेक्षा बरीच जास्त जाते, सर्व्हो (शेपूट-पंखाचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी) वेगळे, आणि चांगली विमानं बहुतेक पूर्व युरोपातून येत असल्याने वाहतूक आणि कस्टम वर. एप्रिल-मेच्या दुपारी वारं चढलं की हलकं विमान मागे ढकललं जातं. मोटर ग्लायडर पंखाच्या क्षेत्रफळाच्या मानाने जवळपास दुप्पट जड असल्याने वाऱ्यात कापत जातं. आणि खांदा. पन्नाशीच्या आसपास असाल तर आधी हात मोकळे केल्याशिवाय फेकू नका, आणि पहिले काही महिने तीस फेकींवर थांबा.

बॅटरीचं मात्र सुख आहे. मोटर ग्लायडरची तीन सेलची बॅटरी आदल्या रात्री चार्ज करायची, वारा पडला नाही किंवा कामं निघाली तर पुन्हा स्टोरेजला (अर्धवट चार्जवर) आणायची, उन्हात गाडीत विसरायची नाही. डीएलजीची आगपेटीएवढी बॅटरी तासाहून जास्त चालते, आणि संध्याकाळी अचानक अर्धा तास मोकळा मिळाला तर निघता येतं.

उंचीचाही विचार करा. ड्रोन नियम 2021 प्रमाणे ग्रीन झोनमध्ये (नकाशावरच्या मोकळ्या हवाई भागात) 120 मीटरची मर्यादा आहे, आणि विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ती 60 मीटर होते. मोटर ग्लायडर ही 60 मीटर दहा-बारा सेकंदांत ओलांडतं. माझ्या खांद्याची फेक तिच्या आतच राहते, थर्मल मिळालं तर मात्र मला ब्रेक लावून खाली यावं लागतं. लोहगाव विमानतळाच्या जवळ राहणाऱ्यांनी दोन्हीपैकी काहीही उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाचा नकाशा बघावाच.

स्पर्धेचा विचार मनात असेल तर दोन्हीला वाट आहे. एफ5जे या मोटर ग्लायडरच्या स्पर्धा-वर्गात मोटर जास्तीत जास्त 30 सेकंद चालवता येते आणि जेवढ्या उंचीवर बंद कराल त्याप्रमाणे गुण कापले जातात: 200 मीटरपर्यंत मीटरमागे अर्धा, त्यावर मीटरमागे 3. म्हणजे मोटर असूनही कमी उंचीवरून थर्मल शोधणाऱ्यालाच मान. एफ3के हा हातफेकीचा वर्ग, पंख 1.5 मीटरच्या आत, म्हणून बाजारातली बहुतेक मोठी डीएलजी त्याच मापाची असतात.

मग घ्यायचं कोणतं? एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा भाग) आणि रडर (डावी-उजवीकडे वळवणारा) अजून विचार करून हलवावे लागत असतील, विमान तुमच्याकडे तोंड करून येताना डावं-उजवं उलटं होत असेल, तर मोटर ग्लायडर घ्या, मला त्यात काहीच वावगं वाटत नाही. जवळ मोठं गवताळ मैदान असेल तरीही तेच. पण हात बसलेला असेल आणि जागा आमच्यासारखी असेल, मुरूम, बाभळी, आजूबाजूला कुणाचं तरी रान, तर मी डीएलजीच सुचवेन. पैशांची अडचण असेल तर आधी बाल्साच्या हलक्या लाकडाचं एक मीटरचं डीएलजीचं किट बांधा. उंची कमी मिळते, पण फेक आणि पकड त्यावर स्वस्तात शिकता येते.

ऑर्डर देताना दोन गोष्टी करा. पंखाची खालची बाजू गडद रंगाची मागा, कारण पांढरं पोट ढगाखाली क्षणात नाहीसं होतं. आणि आडव्या शेपटीचा एक जादा संच त्याच पार्सलात घ्या. पकड शिकताना सगळ्यात आधी तीच मोडते, आणि नंतर एकटी मागवली तर तिच्या किमतीपेक्षा टपाल जास्त पडतं.