‘८ टनां’चा निळा पट्टा

होड्या शाकारायची वेळ आली की बंदरात होड्या उचलायचे पट्टे विकणारे हजर. १ जूनला मासेमारी बंद, त्याआधी सगळ्यांचीच घाई, आणि हायड्रा क्रेनवाला सांगतो, पट्टे तुमचे तुम्ही आणा. आम्ही घेतलेल्या दोन निळ्या पट्ट्यांवर ‘८ टन’ लिहिलेलं होतं. होडी जेमतेम हातभर उचलली आणि मागचा पट्टा शिवणीतच उसवला. खाली कोणी नव्हतं म्हणून निभावलं. सुकाणू आणि पंखा (प्रोपेलर) मात्र गेला.

विक्रेत्याचं उत्तर तयार होतं: “होडीत पाणी असणार, वजन जास्त झालं.” यावर बरेच जण गप्प बसतात, म्हणून हिशेबच मांडतो.

फायबरचा सांगाडा साडेतीन टन, हे बांधणाऱ्याच्या कागदावर आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स ६०० किलो. डिझेल ४०० लिटर, म्हणजे साधारण ३४० किलो. जाळी आधीच उतरवलेली. तळात हजार लिटर पाणी धरलं (एवढं असतं तर होडीच्या प्रमुखाने, तांडेलाने, हुक लावूच दिला नसता) तरी एक टन. एकूण साडेपाच टन. इंजिन मागे, म्हणून मागच्या पट्ट्यावर साडेतीन धरा. पट्टा पोटाखालून घेऊन दोन्ही टोकं हुकात अडकवली की भार दोन बाजूंत वाटला जातो. दोन बाजूंमधला कोन १२० अंशांपर्यंत फाकला, तरच प्रत्येक बाजूवर पूर्ण साडेतीन टन ताण येतो. आमचा कोन तेवढा नव्हताच.

चांगल्या पट्ट्याची तुटायची ताकद लेबलाच्या सातपट ठेवलेली असते. ८ टनांचा पट्टा ५६ टनांच्या आत तुटायला नको. अहो, खरा ३ टनांचा पिवळा पट्टासुद्धा आरामात टिकला असता! वजन कसलं जास्त, पट्टाच खोटा.

निळा रंग ८ टनांचाच असतो, तेवढं त्यांनी बरोबर उचललं होतं. पण रुंदी साधारण टनामागे ३० मिलिमीटर लागते; आमचा पट्टा चार बोटं. टनागणिक विणलेली काळी रेघ नाही, लेबलावर कंपनी नाही, बॅच नंबर नाही. बिलावर नुसतं ‘बेल्ट, २ नग’. घेताना बिलावर टन आणि बॅच नंबर लिहून मागा. खोटा माल विकणारा तिथेच टाळाटाळ करतो.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार केली आहे. तेव्हापासून विक्रेता रोज फोन करतोय, “फाटका पट्टा आणून द्या, नवा देतो.” पट्टा आम्ही दिलेला नाही.