जुना प्लॉट घेताना: आहे ती बोअर तपासावी की पिझोमीटर घ्यावेत?

एमआयडीसीतला जुना प्लॉट हस्तांतरानं घेताना माती-पाणी तपासावं, हे आता कुणाला पटवावं लागत नाही. जुलै 2025 मध्ये प्रदूषित जागांसाठी केंद्राचे नियम आल्यापासून आमचे सीएसुद्धा विचारायला लागलेत. घोडं अडतं ते पाण्यापाशी. प्लॉटवर बोअर आहेच, तिचाच नमुना लॅबला द्यावा, की खास पिझोमीटर, म्हणजे भूजलाची पातळी मोजायला आणि नमुना काढायला जमिनीत उतरवलेले बारीक पाइप, घ्यावेत? मी दोन्ही केलं, आणि तेही उलट्या क्रमानं.

मातीचं आधी उरकतो. प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर क्रोमियमसारखा मुलामा चढवायच्या टाक्या, गटाराचे सांधे, शेडमागे ड्रम ठेवायची जागा, तिथे जेसीबीनं खड्डे घेतले की बरंचसं कळतं. एकच सांगतो: आपला दगड बेसाल्ट, त्यामुळे काळ्या मातीत आणि मुरुमात क्रोमियम, निकेल, तांबं मुळातच बऱ्यापैकी असतं. कुंपणालगतच्या, कुणी हात न लावलेल्या मातीचाही एक नमुना द्या. नाहीतर रिपोर्ट बघून उगाच घाम फुटतो.

आता बोअर. खर्च जवळजवळ नाही, आणि संध्याकाळपर्यंत बाटल्या बर्फाच्या पेटीत. शिवाय माणसं जे पाणी खरोखर वापरतात, त्याचीच परीक्षा होते. आमच्या बोअरचं पाणी काचेसारखं होतं, वॉचमन त्याचाच चहा करायचा. रिपोर्टही चोख आला. पिण्याच्या पाण्यात क्रोमियमची मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम, आकडा त्याच्या आतच. विकणारे खूश, एजंट खूश, मीही खूश.

मग ओळखीतल्या एक भूजलवाल्या मॅडम साइटवर आल्या. त्यांनी एवढंच विचारलं, "पातळी किती आहे?" पाण्याची पातळी मोजायची फीत बोअरमध्ये सोडली, ती तीस-एक फुटांवर अडकली. आत पंपाचा पाइप, त्याला बांधलेली केबल, वर नायलॉनची दोरी. फीत प्रत्येक वेळी त्यात गुंतायची. तिसऱ्यांदा ओढून काढली तेव्हा टोकाचा सेन्सर खरचटला होता. पंप बाहेर काढायचा तर चेन-पुली आणि चार माणसं.

क्षुल्लक कटकट वाटेल, पण माझं मन तिथेच फिरलं. पातळी नाही, तर जमिनीखालचं पाणी कुठून कुठे जातं ते कळत नाही. ते कळलं नाही, तर उद्या सापडलेली घाण आपल्या प्लॉटची की शेजारून आलेली, हे सांगता येत नाही. उदयपूरजवळच्या बिछडीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं 1996 मध्येच सांगून ठेवलंय, की प्रदूषण करणाऱ्यानंच निस्तरायचं. पण करणारा कोण, हे दाखवायला माझ्या हातात काय होतं? अडकलेली फीत.

शिवाय बोअरचं पाणी म्हणजे भेळ. अडीचशे फूट खोली, केसिंग फक्त वरच्या मुरुमापुरतं, खाली जिथे भेग तिथून आवक. वरच्या थरात काही असलं तरी खालच्या पाण्यात ते पातळ होऊन जातं.

म्हणून तीन पिझोमीटर घेतले, पस्तीस फुटांच्या आत, त्रिकोण साधून. दोन इंची पाइप, खाली पाणी आत यायला स्लॉट, भोवती वाळू, वरचं पाणी अडवायला बेंटोनाइटची चिकणमाती. गाळ उपसून झाल्यावर चौथ्या दिवशी शेडमागच्या पाइपातून बेलर, म्हणजे नमुना काढायचं नळकांडं, वर आला. पाणी नितळ होतं, पण लॅबच्या कोऱ्या फॉर्मसमोर धरल्यावर फिकट पिवळं. मर्यादेइतकं क्रोमियम डोळ्याला दिसतच नाही. रंग दिसला, म्हणजे मर्यादा केव्हाच मागे पडलेली. वरच्या कंपाउंडजवळचा पाइप मात्र स्वच्छ निघाला, म्हणजे शेजारी सुटला. मग विकणाऱ्यांशी किमतीचं बोलणं नव्यानं सुरू झालं.

गंमत म्हणजे जमीन नाल्याकडे उतरते, तेव्हा पाणीही तिकडेच जात असणार, असं सगळे धरून चालले होते. पाइपांच्या तोंडांची उंची डंपी लेव्हलनं घेऊन पातळ्या वजा केल्या, तर पाणी गेटकडे निघालं. फरक जेमतेम वीतभर. वरचा पाइप तरीही वरच्याच अंगाला राहिला, हे आमचं नशीब.

पिझोमीटरचे तोटेही आहेत. खर्च मला आठ-दहा पट पडला, तीन आठवडे गेले. बोअर खोदायच्या डीटीएच मशिनच्या हवेच्या झोतात सॉल्व्हंट उडून जातात, त्यामुळे डिग्रीझिंगचा, म्हणजे सॉल्व्हंटनं तेल-ग्रीस काढायच्या कामाचा, संशय असेल तर खोदल्या खोदल्या नमुना घेण्यात अर्थ नाही. आणि मे महिन्यातलं पाणी पावसाळ्यानंतर दिशा बदलू शकतं, म्हणून किमान दोनदा मोजणं आलं.

आधी तिथे नुसतं गोडाऊन होतं, याची तुम्हाला पक्की खात्री असेल, तर बोअर आणि दोन-चार खड्डे यावर भागावं. पण प्लेटिंग, रंग, औषधं, असलं काही होऊन गेलं असेल, तर मी तरी बोअरच्या रिपोर्टवर सही करणार नाही. तुमचा सल्लागार वेगळं सांगेल, त्याचंही ऐका.

पाइपाची झाकणं मात्र कुलपाचीच घ्या. आमच्या गेटजवळच्या पाइपात पहिल्याच आठवड्यात ड्रायव्हर लोकांनी तंबाखूच्या पिंका टाकल्या, आणि तो पुन्हा उपसावा लागला.